मलकापूरहून परतलेला सिकंदर

आमच्या वऱ्हाडात कुणी जरा जास्त तोऱ्यात चाललं की म्हणतात, लय सिकंदर लागून गेला. मीही हे आजवर कितीतरी जणांना म्हटलं असेल, त्यात आमचे दोन जावई आले आणि आमचे हेसुद्धा आले. पण हा सिकंदर नेमका कुठला, निघाला कुठून आणि पोचला कुठं, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. त्याची एकच गोष्ट माहीत होती. आणि त्या एका गोष्टीवर, खोटं कशाला सांगू, मी तीस वर्षं भाषणं केली.

माझं शिक्षण सातवी. पुढचं जे काही आहे ते विहारात झालं. पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास असतो, तेव्हा आमच्या अमरावतीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. लग्न होऊन आले तेव्हा मी ऐकणाऱ्यांत होते. एकदा वाचणाऱ्या बाईंचा चष्मा फुटला आणि पुस्तक माझ्याकडं आलं, ते आलंच. पहिल्या वर्षी जोडाक्षर आलं की मी खोकायची. आता अख्खा अध्याय न खोकता वाचते.

वाचणाऱ्या बाईला लोक बोलायलाही सांगतात. आमच्यात माणूस गेला की काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. भंतेजी येतात, वंदना होते, मग दोघं-चौघं उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात आणि मग जेवण. मी पहिल्यांदा उठले ती माझ्याच वडिलांच्या कार्यक्रमात. ते तिवश्याला जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचे. त्या दिवशी भंतेजींनी विचारलं, कुणाला बोलायचं आहे काय, तर सगळे एकमेकांकडं पाहत बसले. मला ते सहन झालं नाही. मी उठले आणि वडील सांगायचे तीच गोष्ट सांगितली: सिकंदर मरताना म्हणाला, माझे दोन्ही हात पेटीच्या बाहेर ठेवा, लोकांना दिसू द्या, एवढी दुनिया जिंकली पण जाताना हात रिकामे. वडील ही गोष्ट सांगताना आपले हात पुढं करायचे, तळवे वर करून. मीही तसेच केले. बाया रडल्या. तेव्हापासून मला बोलावणी येऊ लागली. मोर्शीपासून कौंडण्यपुरापर्यंत किती पुण्यानुमोदनांत मी सिकंदराचे हात बाहेर काढले असतील, मोजदाद नाही.

आता विहीणबाईंकडं येते, कारण सगळं घडलं त्यांच्यामुळं.

माझी मुलगी अकोल्यात दिलेली. तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. स्वभावानं सोनं, पण बाई मास्तरीण. रागावल्या की पुस्तकातली मराठी बोलतात आणि खूश झाल्या की वऱ्हाडी. त्यामुळं त्यांच्या तोंडून पहिला शब्द पडला की मला कळतं, आज छत्री उघडायची की नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचे मोठे दीर गेले. कार्यक्रमाला मी गेले, बोलायला उठले, सिकंदर सांगितला, हात पुढं केले. लोकांनी माना डोलावल्या. मग पंगत बसली. विहीणबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या,

"आपण ती गोष्ट कोणत्या ग्रंथातून घेतली?"

'आपण' आलं म्हणजे छत्री उघडायची.

"अवो, सगळ्यायले माईत हाये ते," मी म्हटलं.

"सगळ्यांना माहीत असलेलं मुलांनी पेपरात लिहिलं, तर मी अर्धा गुण कापत असे."

"मंग माहाबी कापा अर्धा मार्क. वाढू काय वरण?"

"मी गंमत करत नाही. माझ्या वाचनात ती गोष्ट कुठल्याच जुन्या लेखकाकडं आलेली नाही. आपण हजारो लोकांना सांगितली आहे."

माझ्या पलीकडं बसलेल्या बाईनं जेवण थांबवून कान इकडं केला होता. मला काय झालं कुणास ठाऊक. मी वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "पान दाखवतो तुमाले. ज्या पुस्तकात असन त्याचं पान दाखवतो. आणि नाई दाखवलं तर आजपासून कोन्याच पुण्यानुमोदनात तोंड उघडणार नाई."

विहीणबाई म्हणाल्या, "वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी एक व्याख्यान असतं. एक रविवार मी आपल्या नावानं लिहिते. विषय सिकंदर."

तोंडातून निघून गेलं होतं. सांगते, मी आयुष्यात दागिना मागितला नाही, बंगला मागितला नाही. पण ती दहा मिनिटं, लोक गप्प बसून माझं ऐकतात ती, तीच माझी कमाई. आणि मी ती वरणाच्या भांड्यावर पैजेला लावून बसले.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे एस.टी.त कंडक्टर होते, जन्म सगळा अमरावती ते मलकापूर गाडीवर गेला. ऐकून म्हणाले, "विहिणीशी पैज? तुह्या डोक्यात हवा भरली काय वो?"

"भरली तर भरली. उद्या लायब्ररीत चला."

लायब्ररीतल्या बाई तरुण होत्या. मी म्हटलं, सिकंदर द्या. त्यांनी आधी एक मुलांचं चित्रांचं पुस्तक दिलं. मी ते तिथंच बसून संपवलं आणि परत दिलं. मग एक जाडं दिलं. मग त्याहून जाडं. तिसऱ्या आठवड्यात त्या स्वतःच कपाटं उपसायला लागल्या, आणि मी दारात दिसले की म्हणायच्या, "आज कुठवर आलो मावशी?"

आणि काय सांगू तुम्हाला, मला त्या माणसाचं वेडच लागलं. मी पान शोधायला गेले होते, पण दर पानावर काहीतरी निघायचं आणि मी तिथंच रेंगाळायची. एवढासा पोरगा असताना त्यानं कुणालाच बसू न देणारा घोडा आवरला. कसा, तर त्याच्या लक्षात आलं की घोडा आपल्याच सावलीला बुजतो. त्यानं घोड्याचं तोंड सूर्याकडं फिरवलं, सावली मागं गेली, आणि बसला. मी हे वाचलं आणि भाजी फोडणीला टाकून तशीच अंगणात गेले, कारण शेजारच्यांची गाय आमच्या फाटकाशी रोज अडते. तिचं तोंड फिरवून पाहिलं. गाईला काही फरक पडला नाही. भाजी मात्र करपली.

अडचण एकच होती, नावांची. ती ग्रीक नावं माझ्या तोंडात बसेनात. एक लढाई या नावाच्या गावी, दुसरी त्या नावाच्या, आणि वाक्य संपेपर्यंत पहिलं विसरलेलं. मी रडकुंडीला आले. तेव्हा ह्यांनी उपाय काढला.

"तो निघाला कुठून?"

"घरून. मॅसिडोनिया."

"ते अमरावती समज. मंग?"

"मंग समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून आशियात आला."

"बडनेरा. रेल्वेलाइन ओलांडली. पुढं?"

अशी आमची गाडी निघाली. जुन्या कॅलेंडरचं एक मोठं पान उलटं करून मी त्यावर रस्ता काढला आणि ह्यांनी स्टॉप घातले. दोरीची ती गाठ, जी कुणाला सुटत नव्हती आणि सिकंदरानं तलवारीनं तोडली, ती कुरूमला. मग तो सरळ इराणात जायचं सोडून खाली इजिप्तला वळला. मी म्हटलं, आता हे कुठं बसवायचं? हे म्हणाले, "मूर्तिजापूरले फाटा हाये ना. कारंज्याकडं जा, पाहून ये, अन् परत मेन रोडले लाग." इराणच्या बादशहाला हरवलं बोरगाव मंजूला. बेबिलॉनला, म्हणजे अकोल्याला, वाजतगाजत शिरला. मग बाळापूर, तिथून बर्फाचे डोंगर चढून खामगाव, नांदुऱ्याला पोरस राजाशी लढाई, हत्ती वगैरे. आणि मलकापूरला नदी आली, बियास. तिथं त्याचं सैन्य म्हणालं, आता नाही. घरून निघून आठ वर्षं झाली, एक पाऊल पुढं टाकणार नाही.

मला वाटलं होतं आमचे हे हळहळतील. ते तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "बरोबर केलं त्यायनं. ड्युटी संपली की डायवर गाडी पुढं नेत नाई. मलकापूरच्या पुढं आपली हद्दच नाई."

"अवो, पण तो रागानं तीन दिवस तंबूच्या बाहेर नाई आला."

"तीनच? आमचा डेपो मॅनेजर आठ दिवस बोलत नव्हता."

त्यानंतर तो परतला तो वाळवंटातून. शिपाई तहानेनं पडत होते. कुणीतरी कुठून तरी शिरस्त्राणात घोटभर पाणी आणलं आणि त्याला दिलं. त्यानं सगळ्यांच्या देखत ते जमिनीवर ओतून दिलं, की तुम्हाला नाही तर मलाही नाही. हे मी ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. हे म्हणाले, "अकोल्यात असं पाणी सांडवून पाह्य म्हना त्याले. गल्लीतल्या बाया मारतीन."

जेवताना सिकंदर, कपडे वाळत घालताना सिकंदर. मुलीचा फोन आला की ती आधी विचारायची, "आई, आज कोनतं गाव?" मी म्हणायची, बाळापूर. ती म्हणायची, "मंग दोन दिवसात येतीलच आमच्याकडं." तीही सामील झाली होती, फक्त सासूच्या समोर तोंड गंभीर ठेवायची.

पण पान सापडत नव्हतं.

व्याख्यानाला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी सिकंदराच्या मरणापाशी पोचले. परतीच्या अकोल्यात, म्हणजे बेबिलॉनमध्ये, त्याला ताप आला. बत्तीस वर्षांचा होता. लायब्ररीतल्या बाईंनी जुन्या लेखकांची भाषांतरं काढून दिली, काही हिंदीत होती, ती मी बोटानं ओळ धरून वाचली. सोन्याची पेटी होती. तिला वाहून न्यायला मोठा गाडा होता, इजिप्तला नेलं तेही होतं. हात बाहेर ठेवल्याचं कुठंच नव्हतं. मी परत वाचलं. बाईंनी संगणकावर शोधलं आणि मान हलवली. "मावशी, ही गोष्ट बरीच नंतरची दिसते. लोकांनी रचलेली."

एका जुन्या लेखकाच्या पुस्तकात हात होता, पण वेगळाच. तो मरणाला टेकलेला, आणि शिपायांनी हट्ट धरला की आम्हाला त्याला पाहायचंच आहे. तेव्हा एकेक शिपाई पलंगाजवळून गेला, आणि त्यानं आपला उजवा हात पुढं केला, प्रत्येकासाठी, शेवटचा शिपाई जाईस्तोवर. बोलता येत नव्हतं म्हणे, पण हात खाली घेतला नाही.

मी ते पान झेरॉक्स करून घेतलं. पण जे पान मी दाखवणार म्हणाले होते, ते हे नव्हे.

घरी येताना मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "दे ना ठोकून. अडीच हजार वर्षं झाली, कोन जाते पाहाले?"

"विहीणबाई पाहाते."

"तिले म्हना, पुस्तकाले वाळवी लागली."

"मी खोटं बोलीन अन् तेही विहारात, पंचशील म्हणून?"

हे म्हणाले, "मंग नको जाऊ. ताप आला म्हन. त्यालेबी आलाच होता."

मला हसू आलं, आणि हसता हसता कळलं की मी जाणार आहे.

त्या रविवारी आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. पांढरी साडी, पिशवीत कॅलेंडरचं गुंडाळलेलं पान, झेरॉक्स, आणि एक चित्र, त्याचं पुढं सांगते. गाडी बडनेऱ्याला पूल चढली तेव्हा हे माझ्या कानाशी म्हणाले, "आला समुद्र." मूर्तिजापूरला म्हणाले, "उतरतं काय इजिप्तले?" मागच्या सीटवरची बाई आमच्याकडं असं पाहू लागली की दोघांनाही घरी पोचवायला हवं.

अकोल्याचं विहार भरलेलं होतं. विहीणबाईंनी अख्खी वस्ती बोलावली होती, दिराच्या कार्यक्रमात माझ्या पलीकडं बसलेली ती बाईसुद्धा पहिल्या ओळीत. त्रिशरण-पंचशील झालं. विहीणबाई माइकवर गेल्या आणि म्हणाल्या, "आजच्या वक्त्या आपल्या परिचयाच्या आहेत. त्या आज पुराव्यासह बोलणार आहेत." पुराव्यासह. पुस्तकातली मराठी.

मी उभी राहिले. कॅलेंडरचं पान समोर टेबलावर पसरलं आणि सुरू केलं. घोडा सांगितला, सावली सांगितली, बाया खुलल्या. मलाही चेव आला. आणि चेव आला की जीभ सरळ सरळ कागदावरचं वाचते, हे माझं जुनं दुखणं. कागदावर ग्रीक नावं कुठं होती, स्टॉप होते.

"मंग वयाच्या बाविसाव्या वर्षी," मी म्हणाले, "सिकंदर एवढं मोठं सैन्य घेऊन निघाला आणि त्यानं बडनेऱ्याले समुद्र ओलांडला."

विहारात शांतता. मला वाटलं, काय मन लावून ऐकताहेत.

"कुरूमले एक गाठ होती. ती आजवर कुनाले सुटली नव्हती. त्यानं तलवार काढली अन् एका घावात तोडली."

मागून एक म्हातारी म्हणाली, "माहं माहेर कुरूमचं हाये. मले नाई माईत अशी गाठ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे पुरुषांच्या बाजूला बसून तोंडाला रुमाल लावून नुसते हलत होते. विहीणबाई ताठ. आता दोनच रस्ते होते, सावरून घ्यायचं किंवा पुढं जायचं. ग्रीक नावं तर आठवतच नव्हती. मी सगळं सांगून टाकलं, की नावं लक्षात राहत नाहीत म्हणून आम्ही त्याला आपल्या रस्त्यानं चालवलं आहे, तुम्हीही चला. मग काय, सगळं विहार गाडीत बसलं. मूर्तिजापूर आलं की लोकच ओरडायचे, फाटा, फाटा. बोरगाव मंजूला बादशहा हरला तेव्हा एकानं टाळी वाजवली, त्याची सासुरवाडी होती. मलकापूरला सैन्य अडलं तेव्हा हे जागेवरूनच म्हणाले, "हद्द संपली," आणि माणसं पोट धरून हसली.

"मंग परत अकोल्यात येऊन काय केलं त्यानं?" कुरूमच्या आजीनं विचारलं.

"अकोल्यात तो मेला."

"पान्यानं?"

"तापानं."

"डास असतीन," आजी म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला. त्या हशात मला दिसलं की विहीणबाई हसत नाहीत. घड्याळाकडं पाहताहेत. मला माहीत होतं त्या कशाची वाट पाहताहेत.

मी कागद घडी केला. म्हणाले, आता हातांचं.

लोक सरसावून बसले. ही गोष्ट त्यांना पाठ होती. कुणी कुणी तर तळवे वरसुद्धा केले.

मी म्हणाले, "ते हात कोन्या पानावर नाईत. दोन महिने शोधले. मी तीस वर्षं जे सांगत आली, उन्हाळ्यात तुमच्याकडंबी सांगितलं, ते जुन्या पुस्तकात कुठंच नाई. विहीणबाई बरोबर हायेत, मी चूक हाओ." मग झेरॉक्स काढून पलंगावरचा हात वाचून दाखवला, एकेक शिपाई जातो आहे आणि हात खाली येत नाही, तो. वाचताना मी एकदा खोकले, जोडाक्षर नव्हतं तरी.

पहिल्या ओळीतली ती बाई म्हणाली, "मंग आमाले सांगितलं ते कुठून आनलं होतं?"

"माह्या बापाकडून. त्याले वाचता येत नव्हतं. त्यानं कुनाकडून आयकलं, मले माईत नाई. पान नाई, पन हात होते. असे." आणि मी केले पुढं. सवयीनं केले. गठाणींचे हूक लागून वडिलांच्या तळव्यांना पांढरे वण पडलेले होते, ते सांगितलं. एवढंच.

मग शेवटचं, ते चित्र. ते मी जिंकायला नेलं नव्हतं, मला आवडलं म्हणून नेलं होतं. लायब्ररीतल्या एका पुस्तकात निघालं. सिकंदर गेला, राज्य सरदारांनी वाटून घेतलं, पण त्याच्या मागून ग्रीक माणसं तिकडं गांधारात पिढ्यान् पिढ्या राहिली. आणि काहीशे वर्षांनी तिथल्या कारागिरांनी बुद्धाची मूर्ती घडवली, पहिल्या पहिल्या मूर्तींपैकी. केस कुरळे, आणि चीवराच्या चुण्या अशा की जणू आताच इस्त्रीनं पाडल्यात, अगदी ग्रीक मूर्तींच्या वस्त्रासारख्या. मी म्हणाले, आता माझ्या मागं पाहा. विहारातल्या मूर्तीच्या खांद्यावरून तशाच चुण्या खाली आल्या होत्या. रोज वंदना करणाऱ्या बाया उठून जवळ गेल्या आणि बोटानं मोजू लागल्या. "हव बाई, हायेत," कुरूमची आजी म्हणाली. "म्हंजे तो मलकापूरवरून गेला, पन कपडा सोडून गेला."

एवढं छान मला दोन महिन्यांत सुचलं नव्हतं.

मी म्हणाले, माझं झालं. ठरल्याप्रमाणं आता यापुढं मी कुणाच्या पुण्यानुमोदनात बोलणार नाही. आणि खाली बसले. कागद पिशवीत घातले.

विहीणबाई माइककडं गेल्या. मी छत्री उघडून बसले.

"अट त्यायनं घातली होती," त्या म्हणाल्या, आणि मी मान वर केली, कारण 'त्यायनं' आलं होतं. "मी नाई घातली. मी फकस्त पान मागितलं होतं. पान नाई म्हून त्यायनं उभ्या विहारात सांगितलं. चौतीस वर्षं शिकवलं मी, एकदाबी वर्गात चूक कबूल नाई केली." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अन् तुमी बोलणं सोडलं तर माह्या पुण्यानुमोदनात कोन बोलन? हे?" त्यांनी बोट ह्यांच्याकडं केलं. "हे तर हद्द संपली म्हून बसतीन."

हे म्हणाले, "मी तिकीट फाडून देईन फक्त, विहीणबाई. एका बाजूचं."

माझी मुलगी दारात खीर घेऊन उभी होती, तिच्या हातातलं पातेलं हसून हसून हललं आणि पहिली पळी सतरंजीवर सांडली.

खीर खाताना विहीणबाई माझ्याजवळ बसल्या. ताटात त्यांनी स्वतः वाढलं. म्हणाल्या, हाताची गोष्ट सोडू नका, सांगत जा, पण शेवटी सांगा की ही पुस्तकातली नाही, बापाकडची आहे. मी कबूल केलं. मार्क किती, विचारलं. म्हणाल्या, अर्धा कापला, बडनेऱ्याच्या समुद्राचा.

संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबते, हे खाली उतरून चहा घेऊन आले आणि खिडकीतून कप देत म्हणाले, इजिप्तचा हाये, जपून पे. तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई.

"एक विचारायचं राह्यलं. माह्या कार्यक्रमात कोनता राजा सांगसान? सिकंदर तर आज खतम झाला."

"तुमच्यासाठी सम्राट अशोक काढतो," मी म्हटलं. "पान नंबरासगट."

"लय जाड पुस्तकं हायेत त्याच्यावर."

"म्हूनच सांगून राहिली. मले अभ्यासाले येळ लागते. पंधरा-वीस वर्षं तरी घाई करू नका."

पलीकडून काही वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं. मग गाडीनं हॉर्न दिला, आणि हे, चहाचा कप हातात घेऊन, दारातून चढता चढता जुन्या सवयीनं म्हणाले, चला, चला, अमरावती.